एक वर्ग, दोन क्रमांक

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या वेळापत्रकात एकाच विषयासमोर दोन क्रमांक दिसतात. एक चारशेच्या घरातला, दुसरा पाचशेच्या. वार तेच, वेळ तीच, खोली तीच आणि शिकवणाऱ्याचं नावही तेच. चारशेच्या क्रमांकाखाली पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं नाव नोंदवतात, पाचशेच्या क्रमांकाखाली मास्टर्सची आणि पीएचडीला नुकतीच लागलेली. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका सरकारी विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते आणि अप्लाइड रिग्रेशन हा असा दोन क्रमांकांचा विषय बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या वर्गाबद्दल लिहावं असं आता वाटतंय, कारण पदवीला नव्यानं जोडलेल्या चौथ्या वर्षामुळे महाराष्ट्रातल्या विभागांसमोरही हाच प्रश्न येऊन उभा राहणार आहे.

मी स्वतः विद्यार्थी म्हणून अशा वर्गात कधी बसले नव्हते. बीएस्सी कॉलेजात झालं. एमएस्सी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात, जो वसंत शंकर हुजूरबाजारांनी १९५३ साली सुरू केला. कॉलेज आणि विद्यापीठ ही दोन वेगळी गावंच होती म्हणा ना. इमारती वेगळ्या, ग्रंथालयं वेगळी, शिकवणारी माणसं वेगळी. टीवायच्या मुलानं एमएस्सीच्या तासाला येऊन बसावं असं कुणाच्या मनातही आलं नसतं. त्यामुळे नोकरीला लागल्यावर विभागप्रमुखांनी हा जोडवर्ग माझ्या हाती दिला, तेव्हा माझ्यापुढे कसलाही नमुना नव्हता. आधीच्यांचा सिलॅबस होता. त्यात चारशेवाल्यांसाठी जे होतं तेच पाचशेवाल्यांसाठी होतं, आणि तळाला एक ओळ होती: पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी एक टर्म पेपर द्यावा.

वर्ग एकत्र का करतात याचं खरं उत्तर पैशात आहे, आणि ते उघडपणे बोलायला हरकत नाही. विषय चालवायचा तर किमान काही विद्यार्थी लागतात. पदवीच्या विषयाला हा आकडा जास्त, पदव्युत्तरला कमी, पण असतो. सत्र सुरू होण्याआधी डीनच्या कार्यालयात याद्या तपासल्या जातात आणि संख्या भरली नाही तर विषय रद्द होतो. मोठ्या, पैसेवाल्या विद्यापीठांना याची झळ कमी. आमच्यासारख्या विभागात मास्टर्सचे विद्यार्थी एका विषयाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वेगळा वर्ग मागितला तर तो दोन-तीन वर्षांतून एकदा मिळणार, आणि मास्टर्सचा अभ्यासक्रम तर दोनच वर्षांचा. विषय ऐनवेळी रद्द झाला की सगळ्यात आधी अडचणीत येतात ती परदेशातून आलेली मुलं. एफ-१ व्हिसावर राहायचं तर पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी त्यासाठी सत्राला नऊ क्रेडिट लागतात, म्हणजे तीन विषय. त्यातला एक हातातून गेला की आठवडाभरात दुसरा शोधायचा, मग तो आपल्या कामाचा असो वा नसो. म्हणून जोडवर्ग असावा की नसावा या वादात मी असावा या बाजूची आहे. तो नसता तर आमच्याकडे हा विषय कित्येक सत्रं शिकवलाच गेला नसता.

पण असावा म्हणजे कसाही चालेल असं नाही.

हे मला सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते नांदेडकडच्या एका मुलानं. बाकी सगळे इकडच्या पद्धतीनं आडनावानं किंवा डॉक्टर म्हणून हाक मारतात. हा पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात आला, दार लोटून घेतलं आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण बाबांनी कर्ज काढून मला मास्टर्सला पाठवलंय. मी बॅचलरच्या पोरांत बसलोय. तेच पुस्तक, तेच गणित. फी मात्र माझी जास्त." त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पदव्युत्तर क्रेडिटची फी बहुतेक ठिकाणी पदवीच्या क्रेडिटपेक्षा जास्त असते. शेजारच्या बाकावरच्या मुलापेक्षा तो त्याच तासाचे जास्त पैसे भरत होता आणि त्या बदल्यात त्याला काय मिळत होतं, तर शेवटी लिहायचा एक पेपर. त्या पेपरसाठी त्याला कुणी काही शिकवणार नव्हतं. शिकवण्यात काही फरक नाही आणि कामात मात्र भर, यालाच आम्ही पदव्युत्तर दर्जा म्हणत होतो.

या भागातल्या विद्यापीठांना मान्यता देणारं हायर लर्निंग कमिशन असं मानतं, की पदव्युत्तर पदवीसाठी मोजलेले किमान निम्मे विषय पदव्युत्तर अभ्यासासाठीच आखलेले असावेत. पदवीचे विषय उचलून तिथे घातलेले नसावेत. नियम चांगला आहे. पण विषयाला पाचशेचा क्रमांक दिला की तो पदव्युत्तर अभ्यासासाठी आखला गेला, असं धरून चालणारे विभाग मी पाहिले आहेत. क्रमांक रजिस्ट्रारच्या संगणकात दोन मिनिटांत देता येतो. आखायला एक उन्हाळा जातो.

माझा एक उन्हाळा त्यात गेला, आणि त्यातून सुरुवातीला हाती आलं ते एवढंच: एकाच विषयात पदवीचं काय आणि पदव्युत्तरचं काय, हे प्रत्येक धड्याला वेगळं ठरवावं लागतं. कुक्स डिस्टन्सचं घ्या. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेनिस कुक यांनी १९७७ साली मांडलेलं हे माप. माहितीतला एखादा बिंदू काढून टाकला तर सगळं उत्तर किती हलतं, ते यातून कळतं. चारशेच्या विद्यार्थ्यानं आर या सॉफ्टवेअरमधून तो आलेख काढावा, जो बिंदू वर गेलाय तो ओळखावा, मूळ नोंदवहीत जाऊन तो कोण आहे ते पाहावं, आणि तो ठेवायचा की काढायचा याचं कारण साध्या भाषेत लिहावं. हे काम सोपं नाही आणि नोकरीत रोज लागतं. पाचशेच्या विद्यार्थ्यानं हे सगळं करून आणखी एक प्रश्न सोडवायचा: प्रत्येक बिंदू काढून पुन्हा पुन्हा रिग्रेशन करायची गरज का पडत नाही? एकाच गणितातून सगळ्या बिंदूंची मापं कशी निघतात? त्यासाठी हॅट मॅट्रिक्स समजावी लागते, प्रोजेक्शनची भूमिती यावी लागते, आणि ती आली की गाउस-मार्कॉव्हचं प्रमेयही पाठ करावं लागत नाही, दिसतं. विषय तोच, पण पहिल्याला साधन नीट वापरता यायला हवं आणि दुसऱ्याला ते साधन का चालतं, कुठे चालणार नाही, हे सांगता यायला हवं.

यासाठी वेळ लागतो, आणि तो सामाईक तासातून काढणं हा चारशेवाल्यांवर अन्याय आहे. मी आठवड्याला चौथा तास मागून घेतला, फक्त पाचशेवाल्यांसाठी. तीन तास सगळे एकत्र, चौथ्या तासाला फळा आणि सिद्धता. नांदेडचा तो मुलगा या तासाला फुलायचा. आपल्याकडची बीएस्सी करून आलेल्या मुलांचं मॅट्रिक्सचं गणित पक्कं असतं. सामाईक तासात मात्र त्याची परीक्षा व्हायची, कारण खरीखुरी, मोकळी जागा आणि चुकीच्या नोंदी असलेली माहिती त्यानं कधी हाताळलीच नव्हती. त्याच्या गटातली पदवीच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी शेतकरी कुटुंबातली होती. मक्याच्या उत्पादनाचे आकडे दिले की ती आधी विचारायची, हे एकर ओलिताखालचे की कोरडवाहू? तिला सिद्धता येत नव्हती. पण कोणता रकाना गाळलाय ते तिला कळत होतं. अशा जोड्या पाहिल्या की पदवी खालची पायरी आणि मास्टर्स वरची पायरी हा हिशोब किती अपुरा आहे ते लक्षात येतं. एकाला जे येतं ते दुसऱ्याला येतच असेल असं नसतं, आणि वर्ग जोडण्याचं जर काही शैक्षणिक कारण असेल तर ते हेच आहे.

हे सगळ्यात चांगलं उतरतं ते चॅलेंजर यानाच्या धड्यात. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी ते यान हवेतच फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सकाळी थंडी कडाक्याची होती, तापमानाचा अंदाज ३१ अंश फॅरनहाइट, म्हणजे पाणी गोठण्याच्याही जरा खाली. बूस्टर रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंग थंडीत नीट काम करतील का, यावर आदल्या रात्री अभियंत्यांची आणि नासाची दूरध्वनीवर बैठक झाली होती. याआधीची २४ उड्डाणं. त्यातल्या २३ उड्डाणांच्या रॉकेटची तपासणी हाती होती. सातांमध्ये ओ-रिंगला इजा झालेली.

पहिल्या दिवशी मी वर्गाला फक्त ती सात उड्डाणं देते. तापमान आडव्या अक्षावर, इजा उभ्या अक्षावर. मुलं आलेख काढतात आणि म्हणतात, काही संबंध दिसत नाही. ५३ अंशांलाही इजा आहे आणि ७५ अंशांलाही. मग उरलेली सोळा उड्डाणं देते, ज्यांत काहीच इजा झाली नव्हती. आलेख पुन्हा काढायचा. ६५ अंशांखाली झालेली उड्डाणं चारच, आणि चारांतही इजा. बिनइजेची सगळी उड्डाणं त्याच्या वर. वर्ग गप्प होतो. उड्डाणानंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात हे दोन आलेख आहेत. जिथे काही बिघडलं नाही ती माहितीसुद्धा माहिती असते, हे एकदा असं पाहिलेला विद्यार्थी जन्मात विसरत नाही. इथपर्यंतचं काम चारशेवाल्यांचं, आणि ते पूर्ण त्यांच्या हाती असतं.

त्यानंतर पाचशेवाले लॉजिस्टिक रिग्रेशन बसवतात आणि ३१ अंशांला इजा होण्याची शक्यता काढतात. उत्तर जवळजवळ एक येतं. त्याचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र साधारण निम्म्यापासून एकापर्यंत पसरतो. हे त्यांनी गटातल्या चारशेवाल्यांना समजावून सांगायचं. कागद न वाचता, सूत्र न दाखवता. या समजावण्याला गुण आहेत आणि ते मी स्वतः ऐकून देते. एका सत्रात पीएचडीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी हे फार छान सांगत होती आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या एका मुलानं मध्येच विचारलं, "५३च्या खाली एकही उड्डाण नाही. मग ही रेघ ३१पर्यंत गेली कशी?" ती थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, की रेघेचा आकार आपण आधीच ठरवला आहे. इंटरव्हल त्या ठरलेल्या आकारातली अनिश्चितता सांगतो, आकारच चुकला असेल तर त्याबद्दल तो काही सांगत नाही. एवढं वाक्य तिच्या तोंडून निघायला तो प्रश्न लागला. फक्त पाचशेवाल्यांच्या खोलीत तो कुणी विचारला नसता. हे मला कळायला हवं, मग विचारायचं कसं, असं त्या वयात पदव्युत्तर मुलांना वाटतं. पदवीच्या मुलाला ते ओझं नसतं. तो मुलगा त्या सत्राच्या शेवटी मला येऊन विचारू लागला की चौथ्या तासाला मागे बसलं तर चालेल का. चालेल म्हटलं.

समजावण्याला गुण आहेत हे मुद्दाम लिहिलं, कारण त्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. काही ठिकाणी जोडवर्गातल्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांकडून पदवीच्या मुलांच्या वह्या तपासून घेतात, त्यांच्या शंका सोडवून घेतात, आणि याला पदव्युत्तर काम म्हणतात. पगार नाही, क्रेडिट नाही, आणि फी उलट त्यांनीच भरायची. हे चूक आहे. समजावण्यातून सांगणाऱ्याचं शिक्षण होत असेल आणि शिक्षक ते ऐकून त्याला काही परत देत असेल, तरच ते अभ्यासक्रमात बसतं. नाहीतर ते शिक्षकाचं काम आहे आणि शिक्षकानंच करावं.

गुणांचा प्रश्न वेगळाच नाजूक आहे. इथे पदवीच्या विद्यार्थ्याला साधारण २.० ची सरासरी राखली की चालतं, म्हणजे सी श्रेणीचं. पदव्युत्तरला ३.० लागते, म्हणजे बी. ती घसरली तर विद्यार्थी देखरेखीखाली येतो, काहींची शिष्यवृत्ती जाते. त्यामुळे एकाच वर्गात सी श्रेणी एकाला निभावून नेते आणि दुसऱ्याचं पुढचं वर्ष धोक्यात आणते. दोघांना एकाच यादीत ओळीनं लावून वरच्यांना ए, मधल्यांना बी असं करणं म्हणूनच अयोग्य. माझ्याकडे दोन याद्या असतात, दोन प्रश्नपत्रिका असतात, आणि सामाईक प्रश्नांतही काय अपेक्षित आहे ते पहिल्या दिवशी दोन्ही सिलॅबसमध्ये लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांना वेगळं मोजलेलं चालतं. कसं मोजणार ते आधी सांगितलं नाही, तर मात्र चालत नाही.

सगळेच विषय जोडता येतात असंही नाही. रिग्रेशन, सॅम्पलिंग, प्रयोगांची आखणी, टाइम सिरीज, हे जमतात, कारण त्यांच्या तळाशी खरी माहिती असते आणि तिच्याकडे दोन पातळ्यांवरून पाहता येतं. मेझर थिअरीवर उभी असलेली प्रॉबेबिलिटी जोडू नये. पीएचडीच्या पात्रता परीक्षेचे मूळ विषय तर मुळीच जोडू नयेत. तिथे सिद्धता हाच विषय असतो, आणि ती अर्धवट करून दोघांनाही काही मिळत नाही. आमच्याकडे एकदा असा प्रस्ताव आला होता आणि विभागाच्या बैठकीत मी त्याच्या विरोधात मत दिलं.

राहिला शिक्षकाचा हिशोब. कागदावर जोडवर्ग हा तीन क्रेडिटचा एक विषय. प्रत्यक्षात दोन सिलॅबस, दोन प्रश्नपत्रिका, दोन याद्या आणि आठवड्याला चार तास. कार्यभार एकाचाच धरला, तर पुढचा शिक्षक पहिल्या वर्षी चौथा तास घेतो, दुसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा घेतो आणि तिसऱ्या वर्षी सिलॅबसच्या तळाला पुन्हा ती टर्म पेपरची ओळ येते. मी हे लेखी मांडलं, तासांच्या हिशोबासकट, आणि मागे लागून राहिले. आता आमच्या विभागात जोडवर्गाला वह्या तपासणाऱ्याचे पगारी तास मिळतात आणि चौथा तास कार्यभारात धरतात. भांडण करावं लागलं नाही. आकडे मांडावे लागले.

आता महाराष्ट्राकडे वळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. २०२३-२४ ला स्वायत्त महाविद्यालयांत आणि त्यानंतरच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत ती सुरू झाली, म्हणजे चौथ्या वर्षाची पहिली तुकडी २०२६-२७ची. राज्याच्या आराखड्यात पदवीचं चौथं वर्ष ६.० या स्तरावर आहे, आणि दोन वर्षांच्या एमए-एमएस्सीचं पहिलं वर्षही ६.० वरच. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यानं दोन वर्षं एमएस्सी करायची, चार वर्षांची घेतलेल्यानं एक वर्ष. ज्या महाविद्यालयात एका विषयाचे चौथ्या वर्षाला सहा विद्यार्थी आणि एमएस्सी भाग एकला आठ, आणि शिक्षकांच्या जागा रिकाम्या, तिथे एकाच खोलीत दोघांना बसवण्याचा विचार कुणीतरी मांडणारच. तिथली अडचण आमच्यापेक्षा जरा वेगळी आहे. आमच्याकडे दोन वेगळे स्तर एका वर्गात बसवले जातात. तिथे कागदावर स्तर एकच आहे. पण एक मुलगा त्याच कॉलेजात, त्याच शिक्षकांकडे तीन वर्षं शिकून आलेला असेल आणि दुसरा तालुक्याच्या ठिकाणाहून, वेगळा अभ्यासक्रम करून. एकाला संशोधन प्रकल्प करायचा असेल, दुसऱ्याला सेट-नेटची तयारी. स्तराचा आकडा सारखा आहे म्हणून विद्यार्थी सारखे होत नाहीत.

या कामात असलेल्या माझ्या तिकडच्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे. वर्ग जोडायला नाही म्हणू नका. जोडल्यानं वाचणारे विषय खरोखर वाचतात, आणि मुलं एकमेकांकडून जे शिकतात ते आपण फळ्यावर शिकवू शकत नाही. पण होकार देण्याआधी, वर्ष सुरू होण्याआधी, प्राचार्यांकडून आणि अभ्यास मंडळाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दोन्ही गटांचं वेगवेगळं काम धड्यागणिक ठरवलेलं असेल, दर आठवड्याला एक वेगळा तास वेळापत्रकात छापलेला असेल, आणि तो तास तुमच्या कार्यभारात मोजला जाईल. नंतर मागितलं तर मिळत नाही.